गिरणीतला आवाज

"पहिला प्रश्न नावाचाच असतो," बाकावर शेजारी बसलेला मुलगा म्हणाला. "नाव, गाव, शिक्षण. तेवढ्यात माणूस जरा सैल होतो. मग पुढचं सोपं."

सैल होतो म्हणे! मी तर तिथंच अडायची.

माझं नाव मालन. आता कागदावर लिहायला काय, सटकन लिहून झालं. पण बोलायला गेले की पहिल्याच अक्षराला माझे ओठ मिटतात ते मिटतात. आतून मी ढकलत असते, मान ताठ होते, डोळे आपोआप बंद होतात, आणि समोरचा माणूस एकतर खिडकीबाहेर बघायला लागतो, नाहीतर स्वतःच माझं वाक्य पुरं करून टाकतो. लहानपणापासून हे असंच. डोक्यात माझं तोंड भलतंच चालतं, कुणाला हार जाणार नाही. आत्ताही बघा, विचारलं नाही तरी केव्हाची सांगत सुटलेय. पण ते सगळं डोक्यात. तोंडाच्या दाराशी आलं की अडलं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा तो व्हरांडा होता, बी.लिब.च्या, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या प्रवेशाचे दिवस. लेखी परीक्षेत माझे मार्क चांगले पडले होते, आणि आज तोंडी होती. शेजारचा मुलगा श्रीनिवास हुपरीकर. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल, आणि बोलणं तर असं घडाघडा की ऐकणाऱ्यालाच दम लागावा. मला त्याचा राग येत होता. त्यानं माझं काही बिघडवलेलं नव्हतं, तरी येत होता.

बाहेर गुलमोहराखाली माझे वडील, अण्णा, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बसले होते.

गडहिंग्लजच्या पुढं आमचं गाव. गावात आमची पिठाची गिरण. बी.ए. झाल्यापासून मी गिरणीतच बसत होते. आणि एक गंमत सांगते, जी तेव्हा अण्णांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. मोटर चालू असली, पट्टा फिरत असला, सगळी गिरण धडधडत असली, की माझं बोलणं अडत नसे. "मावशी, जाड का बारीक? ज्वारीवर गहू टाकू नका, थांबा जरा!" असं मी खणखणीत ओरडायची. मोटर बंद झाली की संपलं. मग मी नुसती मान हलवणारी.

त्याआधी दोन ठिकाणी मुलाखतीला जाऊन आले होते, एकदा पतसंस्थेत आणि एकदा एका शाळेत कारकुनाच्या जागेसाठी. दोन्हीकडं "नाव काय?" ह्या प्रश्नाशीच मी अडकले. दोन्हीकडं शेवटी अण्णा दार ढकलून आत आले आणि म्हणाले, "साहेब, मालन चौगुले तिचं नाव. जरा अडखळते, पण पोरगी हुशार हाय." त्यावर साहेबलोकांच्या चेहऱ्यावर जी दया येते ना, ती बघितली की वाटतं, जमिनीनं पोटात घ्यावं.

अण्णांचा जीव तुटायचा माझ्यासाठी. म्हणून तर त्यांनी मला न विचारता मिरची कांडायचं नवं मशीन आणून ठेवलं होतं. गिरणीच्या कोपऱ्यात, गोणपाटात गुंडाळलेलं. "ही एकदा मुलाखत दे," ते म्हणाले होते, "झालं तर झालं. न्हाईतर मिरचीची गिरण तुझ्या नावावर. तिथं तुला कुणाशी बोलायला नको, कुणाचं ऐकायला नको." त्यांनी ते मायेनं म्हटलं होतं. पण रोज झाडलोट करताना ते गोणपाट दिसलं की माझ्या अंगावर काटा यायचा. सगळा जन्म नाकाला फडकं बांधून, लाल धुरळ्यात, हातवारे करत. मला ते नको होतं हो. फार भीती वाटायची त्याची.

आणि ग्रंथालयच का? कारण तालुक्याच्या वाचनालयात भिंतीवर पाटी होती, 'शांतता राखा'. मला वाटलं, ही जागा कुणीतरी माझ्यासाठीच बांधलीय. पुस्तक आलं की शिक्का मारायचा, कपाटात लावायचं, द्यायचं, घ्यायचं. जिथं कुणीच बोलत नाही तिथं माझं काय अडणार? इतकी मी शहाणी होते.

विभागप्रमुख बिडकर मॅडम व्हरांड्यात आल्या. उंच, पांढरे केस आखूड कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला.

"इथं आमची एक पद्धत आहे," त्या म्हणाल्या. "आधी प्रश्नबिश्न नाहीत. प्रत्येकानं थोडा वेळ वाचनकक्षात चौकशीच्या टेबलावर बसायचं. समोर येतील ते खरे वाचक. त्यांना काय हवं ते बघायचं. मी मागं बसून असेन. मग केबिनमध्ये बोलू. एक जण टेबलावर, पुढचा मागच्या स्टुलावर. हुपरीकर, चला. चौगुले, तुम्ही स्टुलावर."

चौकशीचं टेबल! म्हणजे येईल त्याच्याशी बोलायचं, आणि तेही कुठं, तर जिथं टाचणी पडली तरी ऐकू येईल अशा जागी. गिरणीत निदान आवाज तरी असतो. त्या भल्यामोठ्या दालनात फक्त पंखे फिरत होते आणि मुलं माना खाली घालून वाचत होती. माझा पहिला अडकलेला उच्चार ह्या सगळ्यांना ऐकू जाणार होता. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, की शांतता ही माझी मैत्रीणबित्रीण अजिबात नव्हती.

हुपरीकर टेबलावर बसला आणि लगेच रंगात आला. कुणी काही विचारायचा अवकाश, की तो उत्तर द्यायचा. "शब्दकोश? समोरचं कपाट." "अर्थशास्त्राची नियतकालिकं? खिडकीकडं." लेकाच्यानं आदल्या दिवशी येऊन सगळा नकाशा पाठ केला होता. मागच्या टेबलाशी मॅडम पुस्तक उघडून बसल्या होत्या, पण पान काही उलटत नव्हत्या.

तेवढ्यात एक बाई आली. पदर कमरेला खोचलेला, हातापायावर सिमेंटचा राप. आवारात नव्या इमारतीचं काम चालू होतं, तिथली असणार. चप्पल तिनं दाराशीच काढली होती. टेबलापासून जरा लांबच उभी राहून तिनं विचारलं, "साहेब, झाडांचं पुस्तक हाय का? चित्राचं?"

"वनस्पतिशास्त्र," हुपरीकर म्हणाला. "दुसरा मजला. जिना चढून उजवीकडं, पाटी आहे."

ती काहीतरी बोलणार होती असं मला वाटलं. पण तोवर त्याच्यापुढं दुसरा मुलगा येऊन उभा राहिला होता. "बरं," असं म्हणून ती जिन्याकडं गेली. तिची एक मूठ घट्ट मिटलेली होती.

"छान," मॅडम हुपरीकरला म्हणाल्या. "आता चौगुले."

मी त्या खुर्चीत बसले. देवाला म्हटलं, कुणीच येऊ नये. ह्या मुलांना अचानक सगळं आपापलं सापडावं. एक मुलगा आला, "कालचा पेपर?" म्हणाला. मी बोटानं रॅक दाखवला. तो गेला. चला, एक तरी निभावलं! मग काही वेळ कुणी फिरकलं नाही, आणि मला वाटायला लागलं, की असंच बोटांवर भागेल.

जिन्यावरून ती बाई खाली येताना दिसली. बाजूला उभ्या हुपरीकरकडं न बघता ती सरळ माझ्याकडं आली.

"ताई, वर समदी इंग्रजी हाईत," ती म्हणाली. "आन मला वाचाय येत न्हाई."

मला विचारायचं होतं, कसलं झाड बघायचंय. एवढंच. साधं वाक्य. मी तोंड उघडलं आणि "क… क…" वर अडकले. मान ताठ झाली. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. जवळच्या टेबलावरच्या एका मुलीनं मान वर करून बघितलं आणि चटकन खाली घातली. मागं मॅडमची नजर माझ्या पाठीत रुतलीय असं वाटत होतं. संपलं, मी मनात म्हटलं. गेले मी मिरचीच्या गिरणीत.

पण ती बाई हलली नाही. खिडकीबाहेर बघितलं नाही, माझं वाक्यही पुरं केलं नाही. तिला बिचारीला वाटलं, मी विचार करतेय. ती माझ्या तोंडाकडं बघत उभी राहिली, आणि मी काही बोलेना, तशी हळूच पुढं झाली.

"काय न्हाई ताई, पोरानं खाल्लंय कायतरी," ती कुजबुजली. "त्या कुंपणाकडं खेळत हुता. गोड लागतंय म्हणाला. मुकादमाला सांगितलं तर म्हणतोय, काय हुत न्हाई, कामाला लाग. पर माझ्या जिवाला बरं वाटंना. वॉचमन म्हणाला, लायब्रीत चित्रं असत्यात, बघून ये इखारी हाय का."

आणि तिनं मूठ उघडली.

तळहातावर काळ्या बिया होत्या आणि फुटक्या सुक्या फळांची टरफलं. मला चित्र बघायची गरज नव्हती. आमच्या गिरणीच्या मागचं सगळं कुंपण त्याच झाडाचं. शेरडंसुद्धा तोंड लावत नाहीत, म्हणून तर लावतात. मी शाळेत असताना आमच्या वर्गातली पोरं शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून ह्याच बिया खाऊन आडवी झाली होती. टेंपोत घालून नेलेली ती पोरं, त्यांचे ते पांढरे पडलेले चेहरे आणि ओकाऱ्या, मी विसरले नव्हते.

मोगली एरंड.

बघा माझं नशीब! पहिलं अक्षर तेच. माझ्या नावाचं. मी ओठ मिटले आणि ते मिटलेलेच राहिले.

आतापर्यंतची माझी भीती म्हणजे लोक हसतील, मॅडम नापास करतील, अण्णा दार ढकलून येतील. त्या क्षणी जी भीती आली ती निराळीच होती. ह्या बाईचं पोर कुठंतरी बसलंय, पोटात विष आहे, हिला माहीत नाही, ह्या सगळ्या दालनात एकट्या मला माहीत आहे, आणि माझं तोंड उघडत नाही! माझ्या ह्या तोंडापायी ते पोर मरणार!

मी उठले. खुर्ची धाडकन मागं पडली. गिरणीत लांबच्या माणसाला हाक मारताना मी तोंडाशी हात धरायची, तसा हात आपोआप वर गेला.

"पोरानं मोगली एरंड खाल्लंय!" मी ओरडले. "गाडी काढा कुणीतरी! दवाखान्यात न्यायला पाहिजे, आत्ताच्या आत्ता!"

सगळंच्या सगळं निघालं, एका दमात. तो आवाज वरच्या छताला जाऊन आपटला आणि परत खाली आला. सगळ्या माना वर झाल्या. आणि कोपऱ्यातून, खोटं सांगत नाही, एक जण सवयीनं म्हणाला, "शूऽऽ!"

"शू काय करताय?" मी त्याच्यावर खेकसले. "गाडी बघा!"

मग सगळी पळापळ. मॅडम केव्हाच उठून फोनकडं धावल्या होत्या. त्या बाईच्या मागोमाग मी बाहेर आले. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर पाचेक वर्षांचं पोर आपल्या बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून पडलं होतं. त्याला ओकारी सुरू झाली होती. चेहरा असा पडलेला, की मला माझ्या वर्गातली ती पोरंच दिसली. आई मटकन खालीच बसली. हुपरीकर मागून धावत आला, इस्त्रीच्या शर्टाची पर्वा न करता त्यानं पोराला उचललं आणि आईलाही सोबत घेऊन विभागाच्या जीपमध्ये बसला. मी बिया रुमालात बांधून त्याच्या हातात कोंबल्या. डॉक्टरांना दाखव, असं सांगायचं होतं, पण आवाज पुन्हा गेला होता. त्यालाच कळलं. त्यानं मान हलवली आणि जीप गेली.

ती बहीण पायरीवरच राहिली होती. मी तिच्याजवळ बसले. आम्ही दोघी रस्त्याकडं बघत होतो. पोर वाचेल का, एवढंच डोक्यात होतं, आणि ते विचारायचं कुणाला?

"मालन!" अण्णा धापा टाकत आले. डबा तसाच काखेत. "तुझा आवाज ऐकला. गिरणीत असल्यावानी. काय झालं? कोण काय बोललं तुला?"

मी मान हलवली. वाचनकक्षाच्या दारात मुलं घोळक्यानं उभी राहून माझ्याकडं बघत होती. तेव्हा मला उमगलं, मी काय करून बसलेय. ग्रंथालयात प्रवेश मागायला आले, आणि ग्रंथालयात ओरडले. टेबल सोडून पळाले. एका वाचकावर खेकसले. आता कशाचा प्रवेश आणि कशाचं काय.

अण्णांनी माझ्या चेहऱ्याकडं बघितलं. "चल, जाऊया घरला," ते हळू आवाजात म्हणाले. "बास झालं. हाय की आपली गिरण."

मी उठलेसुद्धा. एवढ्यात शिपाई दारात आला. "चौगुले कोण? मॅडमनी बोलवलंय. आणि ह्या पोरीला आमच्याकडं बसवा, चहा-बिस्कीट देतो."

केबिनमध्ये मॅडम फोन कानाला लावून उभ्या होत्या. मला त्यांनी हातानंच थांबायला सांगितलं. "हं," त्या म्हणत होत्या. "हं… बरं… मग?" त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळेना. फोन ठेवून त्यांनी चष्मा काढला.

"हुपरीकरांचा होता. सलाईन लावलंय. बिया बघितल्याबरोबर डॉक्टरांना कळलं काय करायचं ते. वाचेल म्हणतात. जरा उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं."

मी न विचारताच समोरच्या खुर्चीत बसले आणि रडायला लागले. चांगली हुंदके देऊन. मॅडमनी पाण्याचा पेला पुढं सरकवला आणि माझं रडं संपेपर्यंत त्या थांबल्या.

"ती बाई आधी हुपरीकरांकडं आली होती," मग त्या म्हणाल्या. "तिनं झाडांचं पुस्तक मागितलं, त्यांनी जागा सांगितली. उत्तर बरोबर होतं. तुम्ही तिला काय विचारलंत?"

"का… काही नाही."

"काहीच नाही? मग तिनं तुम्हाला पोराचं सांगितलं कसं?"

काय सांगणार! खोटं बोलायचं तर तेही बोलावंच लागतं. "म… मला बोलायला ये… येईना," मी म्हटलं. "मी थां… थांबले. मग ती बो… बोलली."

"वाचक पहिल्यांदा मागतो ते त्याला हवं असतंच असं नाही," त्या म्हणाल्या. "पुढचं ऐकायला थांबावं लागतं. हे शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले, चौगुले." त्यांनी चष्मा पुन्हा लावला आणि पेन उघडलं. "आता रीतसर सुरू करू. तुमचं नाव?"

आलाच तो प्रश्न. माझे ओठ मिटले. आतून मी ढकलायला लागले. मान ताठ झाली.

मागं दार करकरलं. "मॅडम, मालन…" अण्णांचा आवाज. "मालन चौगुले तिचं नाव. जरा अडखळते, पण पोरगी…"

मी मागं न वळता हात वर केला. गिरणीत धान्य ओतणाऱ्याला थांबवताना करतो तसा, उभा पंजा.

"अण्णा," मी म्हटलं. "थां… थांबा."

ते गप्प झाले. जन्मात पहिल्यांदा मी त्यांना थांब म्हटलं होतं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं. त्या घड्याळाकडं बघत नव्हत्या, कागदाकडंही नाही. अण्णांनी नाव सांगून टाकलं होतं तरी त्यांनी ते लिहिलं नव्हतं. मी भ्याले होतेच, खोटं कशाला सांगू. पण त्या बसून होत्या. खूप वेळ गेला. निदान मला तरी खूप वाटला.

"मा… मा… मालन," मी म्हटलं. "मालन बाबूराव चौगुले."

मॅडमनी पेन उचललं आणि लिहिलं. "गाव?"

मग शिक्षण, मग वाचन. प्रत्येकाला वेळ लागला. शेवटी त्यांनी विचारलं, "वसतिगृह लागेल ना?"

मागं अण्णांनी श्वास घेतलेला मला ऐकू आला. ते आता बोलतील, असं वाटलं. ते बोलले नाहीत. मी वळून बघितलं तर दाराची चौकट धरून ते माझ्याकडंच बघत उभे होते, मी काय सांगतेय ह्याची वाट बघत.

"ला… लागेल," मी म्हटलं.

परतीच्या एसटीत आम्हाला मागची सीट मिळाली. डबा तसाच होता, तो गाडीतच उघडला. अण्णा एक घास घ्यायचे आणि बाहेर बघायचे. चढ लागला, इंजिन घरघरायला लागलं, खिडक्यांच्या काचा खडखडायला लागल्या.

"मालन," ते माझ्या कानाशी ओरडले, "मिरचीचं मशीन परत घेईल का गं तो दुकानदार?"

इतक्या गोंगाटात माझं कधीच अडत नव्हतं.

"न घेऊन सांगतो कुणाला!" मी ओरडले. "गोणपाटसुद्धा सोडलं नाही अजून!"